फळ्यावरची टक्केवारी आणि वहीतली नावे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात पालकांच्या सभेपुढे केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस या व्यासपीठावर बोलावयास सांगितले तेव्हा विषय दिला तो असा : ‘आपल्या मुलांची शैक्षणिक प्रगती’. समितीची अपेक्षा आम्ही ओळखून आहोत. पन्नास वर्षांत या धर्मग्रामातून किती डॉक्टर झाले, किती शिक्षक झाले, किती मुली परिचारिका होऊन दूरदेशी गेल्या, याची उजळणी व्हावी, टाळ्या पडाव्यात आणि मग चहापान व्हावे. अशा उजळणीत पाप नाही. परंतु ती दुसरे वक्ते आमच्याहून चांगली करतील. आम्ही आज तुम्हांस एका परक्या देशातील हायस्कुलाची हकीकत सांगणार आहोत. ‘फादर, महोत्सव आपला आणि शाळा अमेरिकेतली, हे कसे?’ असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, त्या हकीकतीत आमचा स्वतःचा एक अपराध आम्हांस दिसला. तो आम्ही पुढे सांगू.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला लागून पूर्वेस गारफील्ड नावाचे एक सार्वजनिक हायस्कूल आहे. सार्वजनिक म्हणजे ज्यास फी नाही आणि प्रवेशाला चाचणी नाही. त्या वस्तीत जो राहतो त्याचे मूल तेथे जाते. म्हणून अशा शाळेत कोण बसते हे पाहिले म्हणजे भोवतालच्या वस्तीत कोण राहते हे समजते. गारफील्डच्या वस्तीत राहत असत ते बहुतेक सर्व मेक्सिको देशातून आलेले लोक व त्यांची मुलेबाळे. बाप कारखान्यात किंवा बांधकामावर, आई शिलाईच्या कामावर, घरात भाषा स्पॅनिश. धर्माने यांतील बहुतेक कॅथोलिक. ग्वादालुपेच्या मातेची तसबीर घरोघरी. तुम्हांपैकी कोणी त्या गल्लीत गेला असता तर भाषा न कळूनही त्यास फार परके वाटले नसते.

या शाळेत १९८० च्या सुमारास तीन हजारांहून अधिक मुले होती, आणि तिची कीर्ती चांगली नव्हती. पुष्कळशी मुले शिक्षण पुरे न करताच गळून जात. १९६८ च्या मार्च महिन्यात त्या भागातील अनेक हायस्कुलांतील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले होते. त्यांत गारफील्डचीही मुले होती. त्यांचे गाऱ्हाणे असे की, शाळेत आमची भाषा बोलल्यास शिक्षा होते, आमच्या पूर्वजांचा इतिहास शिकवीत नाहीत, आणि आम्हांस कॉलेजाच्या वाटेला न लावता हातकामाच्या वाटेला लावतात. मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड भरलेली मुले आपल्याकडेही आहेत. तो विषय निराळा, असो.

आता थोडे आकड्यांविषयी. १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सरकारने करविलेली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची तीत तपासणी झाली होती. पुष्कळांचा समज असा होता की, गरिबांच्या शाळांच्या इमारती वाईट, प्रयोगशाळा नाहीत, ग्रंथ नाहीत, म्हणून निकाल वाईट. हिशेब मांडल्यावर दिसले ते निराळेच. इमारती व सामग्री यांच्या फरकापेक्षा मूल कोणत्या घरातून आले आणि वर्गात त्याच्या शेजारी कोणत्या घरांतील मुले बसतात, याचा संबंध गुणांशी अधिक होता.

हा निष्कर्ष दुधारी आहे. एका धारेने तो खरे बोलतो. ज्या घरात रात्री दिवा नाही, बसावयास कोपरा नाही, आईबापांस अक्षर नाही, त्या घरातील मुलाचे आणि प्राध्यापकाच्या मुलाचे गुण शेजारी शेजारी लावून ‘हा हुशार, तो मठ्ठ’ म्हणणे अन्यायाचे आहे. पण दुसऱ्या धारेने तोच निष्कर्ष आळशी शिक्षकाच्या हाती शस्त्र होतो. ‘घरच तसे, आम्ही काय करणार?’ हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकले आहे आणि, कबूल केले पाहिजे, किती वेळा स्वतः उच्चारले आहे, याची गणती नाही.

त्या पाहणीत आणखी एक गोष्ट होती. तिची चर्चा कमी होते. ‘माझ्या श्रमाने माझे भाग्य पालटू शकते’ असे ज्या मुलास वाटते आणि ज्यास तसे वाटत नाही, त्यांच्या गुणांत मोठे अंतर आढळले, आणि उपेक्षित समाजांतील मुलांच्या बाबतीत तर या एका गोष्टीचा संबंध विशेष बळकट दिसला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९७४ साली गारफील्डमध्ये हायमे एस्कालान्ते नावाचे एक गणित-शिक्षक आले. हे मूळचे बोलिव्हिया देशातील ला पाझ शहराचे. तेथे ते नावाजलेले शिक्षक होते. परंतु अमेरिकेत त्यांची पदवी चालेना, म्हणून खानावळीत फरशी पुसण्यापासून आरंभ करून, रात्री शिकून, त्यांनी पुन्हा शिक्षकाचा परवाना मिळविला. वर्गात गेल्यावर त्यांस दिसले की, मोठ्या मुलांस जे गणित शिकवावयाचे ते आपल्या देशातील लहान मुलांच्या गणिताइतकेच आहे. शाळेनेच ठरवून टाकले होते की, या मुलांस याहून अधिक झेपणार नाही.

त्यांच्यावर एक चित्रपट निघाला, १९८८ साली. तुम्हांपैकी काहींनी पाहिला असेल. त्यात असे भासते की, एका वर्षात एका माणसाने अपूर्णांक न येणाऱ्या मुलांस उच्च गणितात पारंगत केले. ते खरे नव्हे. पहिल्या दिवसापासून १९८२ पर्यंत आठ वर्षे गेली. खालच्या इयत्तांपासून बीजगणित पक्के करावे लागले. जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग चालवावे लागले. हेन्री ग्रादिलास नावाचे प्राचार्य आले. त्यांनी सोप्या गणिताचे वर्ग कमी करून बीजगणिताचे वाढविले. दुसरे एक गणित-शिक्षक, बेन हिमेनेझ, बरोबरीने राबले. सकाळी शाळेपूर्वी, सायंकाळी शाळेनंतर, शनिवारी, सुटीत, असा अभ्यास चाले. आईबापांच्या घरी जाऊन एस्कालान्ते त्यांस समजावीत. मुलांपुढे ते एकच स्पॅनिश शब्द वारंवार ठेवीत : ‘गानास’, म्हणजे मनातील तीव्र इच्छा. आपल्याकडे ‘जिद्द’ म्हणतात तीच.

तिकडे हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी कॉलेजाच्या तोडीची एक ऐच्छिक परीक्षा असते. तीत कॅल्क्युलस म्हणजे कलनगणित हा विषय कठीण समजला जातो. १९८२ च्या मे महिन्यात गारफील्डच्या १८ विद्यार्थ्यांनी ती परीक्षा दिली आणि अठराही उत्तीर्ण झाले. शाळेत आनंद झाला. तो फार दिवस टिकला नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पत्रे धाडली : चौदा जणांच्या उत्तरपत्रिकांत संशयास्पद साम्य आहे, गुण रद्द करून घ्या, अथवा पुन्हा परीक्षेस बसा.

वस्तीत संताप उसळला. श्रीमंत वस्तीतील शाळेतील मुले अशी उत्तीर्ण झाली असती तर हे पत्र आले असते काय, असा प्रश्न सर्वांच्या ओठी होता. संस्थेचे म्हणणे असे की, आम्ही उत्तरे तपासतो, नावे व वस्त्या पाहत नाही. चौदांपैकी बारा जण ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा बसले. नवी प्रश्नपत्रिका, कडक पहारा, उजळणीस अवघे काही दिवस. बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले.

येथपर्यंतची हकीकत चित्रपटात आहे. यापुढची नाही, आणि ती आम्ही लपविणार नाही. कारण पूजावेदीसमोर उभे राहणाऱ्याने अर्धे सत्य सांगू नये. जे मॅथ्यूज नावाच्या पत्रकाराने पुढे या शाळेवर ग्रंथ लिहिला. दोघा विद्यार्थ्यांनी त्यास सांगितले की, पहिल्या परीक्षेत एका प्रश्नाचे उत्तर लिहिलेला कागद वर्गात फिरला होता. त्या उत्तरात चूक होती, आणि तीच चूक कित्येकांच्या पत्रिकांत उतरली होती. म्हणजे संशयास कारण अगदीच नव्हते असे नाही. परंतु दुसऱ्या परीक्षेने काय दाखविले? ज्ञान त्यांच्याजवळ होतेच. एका प्रश्नापुरता ज्यांचा धीर सुटला, ती मुले त्या कागदावाचूनही उत्तीर्ण होणारी होती. आपल्या श्रमावर त्यांचा पुरता विश्वास अजून बसलेला नव्हता. तो त्यांस कोणी बसू दिला होता?

आता आमचा अपराध. यास पंचवीसहून अधिक वर्षे झाली. आमची नवी नेमणूक होती, एका मिशन शाळेचा कारभार आमच्याकडे होता. गाव सांगत नाही. सहामाही परीक्षेत आठवीच्या गणितात एका मुलास वर्गात सर्वांत अधिक गुण मिळाले. त्याचे आईबाप ऊसतोडणीस जात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येई, उचल घेतलेली असे, कोयता घेऊन जोडपे कारखान्यावर जाई ते उन्हाळा लागेपर्यंत परत येत नसे. मुलगा आजीजवळ राही. दुसरा क्रमांक होता गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या मुलाचा, आणि दोघे एकाच बाकावर बसत. गुरुजींनी सहज बोलावे तसे आम्हांस सांगितले, ‘फादर, जरा पाहून घ्या.’ आम्ही पाहून घेतले. कोणास बोलावले? त्या ऊसतोड्याच्या मुलास. कोणी कोणाचे पाहिले असेल, याचा क्षणभरही विचार आम्ही केला नाही. पहिल्या क्रमांकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले आणि त्याच्याहून अधिक गुण मिळविले, हे गणित आमचे!

आमच्या खोलीत उभ्याउभ्याच आम्ही त्यास पाच उदाहरणे घातली. चार त्याने सोडविली. पाचवे पाहून म्हणाला, ‘हे अजून शिकवलं नाही, फादर.’ ते खरोखरच पुढच्या धड्यातील होते. आम्हीच घाईत घातले होते. त्याने पाटी टेबलावर ठेवली आणि विचारले, ‘आता जाऊ?’ आम्ही ‘जा’ म्हटले. ‘आमचे चुकले’ असे म्हणावयाचे होते, ते म्हटले नाही. एवढ्याशा मुलापुढे धर्मगुरूने काय म्हणून चूक कबूल करावी, असा विचार त्या वेळी मनात होता, हे आज सांगताना लाज वाटते.

दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. कदाचित तो तसाही गेला असता. आजी आजारी होती असेही कोणी म्हणाले. आमच्यामुळे गेला की आमच्यावाचूनही गेला असता, हे आम्हांस कधीच कळणार नाही. पापनिवेदनात आम्ही हे सांगितले आहे, क्षमाही मिळाली आहे. पण त्या मुलास आम्ही अजून काही सांगितलेले नाही.

गारफील्डची हकीकत वाचली तेव्हा आम्हांस प्रथम ती पाटी आठवली. कोलमनच्या पाहणीतील ती गोष्ट मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितली होती. श्रमाचे फळ मिळते असा विश्वास गरिबाच्या मुलास मोठ्या कष्टाने येतो. त्याच्या घरात श्रम डोंगराएवढे आणि फळ कवडीएवढे, हेच तो जन्मापासून पाहत असतो. अशा मुलास एकदा फळ मिळाले आणि तेवढ्यात आम्ही त्याचा हात धरून विचारले, ‘कोठून चोरलेस?’ मग पुन्हा त्याने झाडास पाणी का घालावे?

मग मुलांच्या घरांची चौकशी करूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. उलट, करावी, पण कशासाठी हे ठरवून करावी. अमेरिकेत २००१ साली केलेल्या एका कायद्याने शाळांवर असे बंधन घातले होते की, निकालाची एकच सरासरी सांगून चालणार नाही. गरीब मुलांचा निकाल निराळा, इंग्रजी नवी असलेल्यांचा निराळा, वंशवार निराळा, अपंगांचा निराळा दाखविलाच पाहिजे. त्या कायद्याचे पुढे पुष्कळ दोष निघाले. परीक्षेपुरतेच शिकविण्याची खोड लागली, आणि २०१५ साली त्याच्या जागी दुसरा कायदा आला. निकाल असा वेगळा मांडण्याची अट मात्र नव्या कायद्यानेही ठेवली. कारण सरासरी ही मोठी चतुर वस्तू आहे. वरच्या बाकावरील दहा मुलांच्या गुणांखाली खालच्या बाकावरील दहा मुले ती बेमालूम झाकून टाकते.

आपल्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर दर जूनमध्ये आपण काय लिहितो? ‘दहावीचा निकाल शंभर टक्के.’ शंभर टक्के कोणाचे? जे परीक्षेस बसले त्यांचे. आठवीत गेला, नववीत बसवून ठेवला, तोडणीस गेला, लग्न लावून दिले, ते या शंभरांत नाहीत. ते फळ्यावर मावत नाहीत.

या ठिकाणी कोणी म्हणेल, आपल्या कॅथोलिक शाळा तर चांगल्याच असतात. होय, त्याच कोलमन यांनी १९८० नंतर तिकडील कॅथोलिक हायस्कुले व सार्वजनिक हायस्कुले यांची तुलना केली आणि गरीब व अल्पसंख्य मुले कॅथोलिक शाळांत अधिक प्रगती करतात असे लिहिले. कारण त्यांनी दिले ते असे : शाळेभोवती धर्मग्राम असतो, आईबाप एकमेकांस ओळखतात, एकाच्या मुलावर दहांची नजर असते. हे वाचून आम्हांस आनंद झाला हे खरे. पण इतर विद्वानांनी लगेच आक्षेप घेतला की, जे आईबाप फी भरून मूल पाठवितात ते मुळातच अधिक जागरूक असतात. वाद अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून आपण छाती फुगवू नये. शिवाय दहांची नजर आपल्या धर्मग्रामात कोणत्या मुलांवर असते? चर्चच्या मागल्या आळीतील मुलावर असते काय?

गारफील्डचेही पुढे काय झाले ते सांगून टाकतो. १९८३ साली ३३ जण बसले, ३० उत्तीर्ण झाले. १९८७ साली उत्तीर्णांचा आकडा ऐंशीच्या वर गेला. मुले तीच, वस्ती तीच, बापाचा रोजगार तोच. मग प्राचार्य बदलले, सहकाऱ्यांशी मतभेद झाले, वर्ग अतोनात भरले, आणि १९९१ साली एस्कालान्ते शाळा सोडून गेले. त्यानंतर काही वर्षांतच तो आकडा पुष्कळ खाली आला. तेव्हाही मुले तीच होती आणि वस्ती तीच होती. २०१० साली एस्कालान्ते वारले. आमच्या मते या चढउतारात जितके शिकण्यासारखे आहे तितके त्या चित्रपटात नाही. खालचे वर्ग, उन्हाळी अभ्यास, प्राचार्यांचा पाठिंबा, ही बांधणी होती तोवर घर आड आले नाही. बांधणी मोडली, घर पुन्हा आड आले.

आता आपले. या धर्मग्रामाजवळ एक वस्तू अशी आहे, जी सरकारजवळही या रीतीने नाही. आपली बाप्तिस्म्याची वही. तीत श्रीमंताचे नाव आणि मजुराचे नाव एकाच शाईने, एकाच ओळीत आहे. गेल्या उपवासकाळात एका रात्री आम्ही सोळा वर्षांपूर्वीचे पान उघडले आणि शेजारी या वर्षीच्या दहावीची यादी ठेवली. एकेक नाव जुळवू लागलो. जी जुळली त्यांवर खूण केली. जी जुळली नाहीत त्यांतील काही कुटुंबे पुण्या-मुंबईस गेली आहेत हे आम्हांस ठाऊक होते. बाकीची कोठे आहेत ते ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांच्या महोत्सवाची पत्रिका आम्ही छापली, आणि आमच्याच हातून ज्यांच्या मस्तकावर पाणी पडले त्यांतील काहींचा ठाव आम्हांस सांगता येईना! पहिल्या पानावरच आमचा हात थांबला. ते काम आम्हां एकट्याचे नव्हे हे कळून चुकले.

म्हणून समितीपुढे आम्ही एक विनंती ठेवतो. महोत्सवाच्या निधीतून स्वागतकमान पक्की बांधण्याचा विचार आहे. कमान पुढील वर्षी बांधू. यंदा त्या पैशांतून सभागृहात दिवे आणि बाके घालू, आणि सायंकाळी सहा ते आठ तेथे गणित व इंग्रजीचा वर्ग चालवू. निवृत्त गुरुजी व बाई या धर्मग्रामात कमी नाहीत. समोरच्या रांगेत बसलेले आम्हांस दिसतच आहेत, आणि दोघांनी नजर खाली घातली तीही दिसली. आरंभ पाचवीपासून करू, दहावीपासून नव्हे. तोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले त्या सहा महिन्यांत येथेच राहावीत म्हणून धर्मभगिनींच्या बोर्डिंगात किती जागा करता येतील, याविषयी मदर सुपिरियर यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे. मुकादम गाड्या घेऊन येण्यापूर्वी ते ठरले पाहिजे.

आणि ती वही. सोमवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर ती आम्ही कार्यालयात उघडून ठेवू. प्रत्येक वाडीतील दोन जण यावेत, शक्यतो एक तरी स्त्री असावी, कारण कोणाचे मूल कोठे आहे हे बायकांस अधिक ठाऊक असते. येताना पेन्सिल आणावी. शाईने आम्ही काही लिहू देणार नाही.